पहिली ट्रायल

धंतोलीत, दवाखान्यांच्या गल्लीत,
सकाळी अकरालाच ऊन अंगावर येतं.
आत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास,
आणि आम्ही सातजण, सगळेच रुंद,
मधली एकेक खुर्ची सोडून बसलेले.
कोणी सांगितलं नव्हतं.

"कुंदा पराते."
उठताना खुर्ची सोबत उठली नाही,
हे दीड महिन्यातलं पहिलं यश.

गोळीबार चौकात ब्लाउज शिवते मी, एकतीस वर्षं.
ऑपरेशनआधी डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं:
जठराच्या गळ्याशी एक पोकळ कडं.
मी म्हटलं, नेफा.
ते म्हणाले, काय?
नेफा जी, परकराचा. नाडी नंतर घालाल न?
तेव्हा ते हसले होते.
आज नाडी घालायचा दिवस.

आडवी झाले. बरगडीखाली
त्यांची बोटं ते बटण शोधत फिरली,
कातडीआड स्वतःच लावलेलं.
थोडं डावीकडे, मी मनात म्हटलं,
ज्यानं काज केलं त्याला तरी आठवावं.

सुईचं मला काही नाही.
नखातून आरपार गेलेली सुई
दातांनी ओढून काढून मी दिवाळीची ऑर्डर पुरी केली आहे.
पण ही सुई शिवायला आली नव्हती.
ती पाणी भरत होती. मिठाचं पाणी, तीन मिली.
तीन मिली म्हणजे किती जी?
"चहाचा अर्धा चमचा. थोडा वर."

म्हणजे एकीकडे सावजीचा रस्सा, तेराव्याचे लाडू,
"अजून एक घे न वं" म्हणणाऱ्या चार जावा,
रात्री दोनला कूलरसमोर उभ्यानं खाल्लेली
गार पोळी, साखर, पुन्हा पोळी,
आणि दुसरीकडे
अर्धा चमचा.

गेडाम सिस्टरनं ग्लास हातात दिला.
"काकू, घोट घोट घ्या."
पहिला गेला.
दुसरा थांबला.
तिसरा दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहिला.
छातीत बॉबिन गुंतलं,
तोंडाला पाणी सुटलं, भुकेचं नव्हे ते,
आणि मी ग्लास धरून बसले
परक्या घरी काही फुटल्यासारखी.

"जास्त झालं," डॉक्टर म्हणाले. पुन्हा सुई.
अर्धा मिली परत.
मग आत कुठे तरी टप्प् झालं.
एवढं खाल्लं आयुष्यात,
पण गिळलेलं उतरताना ऐकलं ते आजच.

"पहिल्यांदा नेमकं बसत नाही," ते म्हणाले,
"महिन्यानं पुन्हा या, पाहू."
हे वाक्य माझं आहे.
मी ते रोज सांगते, तोंडात टाचण्या धरून.

सिस्टरनं कापूस चिकटवला आणि हळूच:
"काकू, माझा तो मोरपंखी ब्लाउज?"
गुरुवारी, म्हटलं.
पोटाला भोक, तरी गुरुवारी.

बाहेर तर्री-पोह्याची गाडी.
लाल तवंग, वर चणे, कोणाची तरी प्लेट अर्धी टाकलेली.
थांबले. वास घेतला. दोन दिवस फक्त पातळ.
भूक नव्हती. नाही, होती,
पण ती गाडीपाशी उभी होती
आणि मी जरा अलीकडे.

दुकानात वही उघडली.
एकतीस वर्षांच्या छात्या, कंबरा, मुंढे,
मेलेल्या बायकांचीसुद्धा मापं आहेत त्यात.
माझं नाही.
मी माझं जुन्यावर टाकून कापते,
दोन बोटं जास्त, डोळे मिटून.
टेप साठ इंचांची असते.
ती पुरते की नाही
हे मला पाहायचं नव्हतं.

रोशनी म्हणाली, घेऊ का जी माप?
थांब, म्हटलं, ताक संपू दे.
वाटीभर ताक. पाऊण तास लागला.
टेप तोवर गळ्यातच होती, रोजच्यासारखी,
तिची दोन्ही टोकं
पोटावर लोंबत.