फुली

वाचनालयाच्या तळघरात, बॉयलरच्या खोलीला लागून
मंगळवारी दहा ते एक माझं टेबल असतं.
पाटी मीच लिहिलीय : निवृत्तांसाठी सल्ला. फुकट.
'फुकट'च्या खाली दोन रेघा,
कारण मेनमधल्या या गावात फुकट म्हटलं
की लोक आधी वास घेऊन बघतात.

वासावरून आठवलं. कागद कारखान्याचा तो नासक्या अंड्यांचा वास,
ज्याला आम्ही पगाराचा वास म्हणायचो,
बंद होऊन नऊ वर्षं झाली.
नोव्हेंबरात नदी अजून काठाकडूनच गोठते.

लोक किराण्याच्या पिशवीतून पत्रं आणतात,
निम्मी न फोडलेली.
मी सांगते : मेडिकेअरचा ए म्हणजे इस्पितळातली खाट,
बी म्हणजे डॉक्टर, डी म्हणजे गोळ्या.
आणि सी?
सी म्हणजे या सगळ्यांची एकत्र बांधलेली मोट,
वर चष्मा, दात, व्यायामशाळेचा पास.
पण तुमचा डॉक्टर त्यांच्या यादीत आहे का, ते आधी विचारा.
ऑडेट थेरियो म्हणते, टीव्हीवरचा तो माणूस तर म्हणाला...
मी म्हणते, टीव्हीवरच्या माणसाचे गुडघे दुखत नाहीत, ऑडेट.

साडेअकराला क्लॅरिस पेल्टियर आली.
वय एक्याऐंशी. नवरा सप्टेंबरअखेर गेला.
बँकेत काहीतरी घोळ झालाय, म्हणाली,
नॉर्मंडचं पेन्शन आलंच नाही. आणि कारखान्याचा विमाही
परवा औषधवाल्याने मशीनमध्ये घातला, तर चालेना.

तिने पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला.
एकोणीसशे चौऱ्याण्णव.
पर्याय पहिला : फक्त कामगाराच्या हयातीत. दरमहा दोनशे बारा डॉलर जास्त.
खाली बायकोची संमती,
आणि सहीच्या जागी निळ्या पेन्सिलीची फुली,
एक पाय लांब, एक पाय आखूड.

मी अशीच फुली मारते. अजूनही.

पगार खात्याची खिडकी क्रमांक दोन.
दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायला दहा मिनिटं, रांग दारापर्यंत,
आणि मी एकेकाला सांगत होते : इथे सही करा, इथे, आणि इथे.
शिक्का माझा. साक्षीदार म्हणून नावही माझंच, लग्नाआधीचं.
तिने सहीसाठी एकच हातमोजा काढला होता.
हे मला का आठवावं?
दोनशे बारा डॉलरमधून त्यांनी बोट घेतली असेल, छप्पर घातलं असेल,
किंवा नुसतेच खाऊन संपवले असतील, माणसं संपवतात तसे.

मी घसा साफ केला.
बँकेचा घोळ नाही, म्हटलं. पेन्शन त्यांच्याबरोबर गेलं.
विमासुद्धा. पण विम्याचं अजून हातात आहे :
तो तुटल्यापासून त्रेसष्ट दिवस, त्यातले सतरा गेले.
या मुदतीत पूरक पॉलिसी मागितलीत तर
तुमचं हृदय, तुमची साखर, काही न विचारता द्यावी लागते.
ती खिडकीकडे बघत राहिली. तळघराला खिडकी नाही;
तिथे विमानतळांचं एक जुनं कॅलेंडर आहे.

मी अर्ज काढला. नाव, पत्ता, लाल-पांढऱ्या कार्डावरचा नंबर.
आणि सहीच्या ओळीपाशी माझा हात आपोआप
फुली मारायला निघाला.

पेन्सिल खाली ठेवली.
पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागले,
बारीक अक्षरंसुद्धा, तळटीपासुद्धा,
जिथे मला कळत नव्हतं तिथे 'हे मला कळत नाही' म्हणून.
बॉयलर सुरू झाला, तेव्हा आवाज चढवून.

दुसऱ्या पानाच्या शेवटी ती म्हणाली,
तेव्हा हे नव्हतं वाचलंत.

रांग होती, मी म्हटलं.

हो, ती म्हणाली. मी रांगेतच होते.

मग तिने एक हातमोजा काढला, मांडीवर नीट पसरला,
आणि म्हणाली, तिसरं पान. वाचा.