सुरगाठ

आमच्या बेटावर आडनाव नसतं.
बापाचं नाव, आणि पुढे 'ची मुलगी'.
एकोणीस वर्षं मी थोरमोदुरची मुलगी होते,
मग रेक्याविकच्या एका कार्यालयात अर्ज भरून
आईचं नाव लावलं.
कारकून बाई काही बोलली नाही,
शिक्का मात्र दोनदा मारला.
असं मी बापाचं नाव काढलं.

त्याच्या उजव्या तर्जनीची दोन पेरं
जाळं ओढायच्या रहाटात गेलेली.
म्हणून त्याची गाठ उलटी:
डावा फास आधी, तोही खालून,
मग अंगठ्याने दाबून ओढायचं.
चार वर्षांची मी, हेरिंगच्या पिंपावर,
माझा बूट त्याच्या मांडीवर.
"बर्फात सुटणार नाही," म्हणाला.
कधीच सुटली नाही.

फोटो क्रमांक चौदा.
चौकीतल्या टेबलावर माझ्यासाठी कॉफी, दूध घालून.
बाकीच्यांनी त्या फोटोत मान पाहिली असेल.
मी दोरी पाहिली.
"ओळखीची वाटते ही गाठ?"
नाही, म्हणाले मी.
त्या पोलिसाने हातातलं पेन पाडलं,
ते उचलायला टेबलाखाली वाकला
आणि बराच वेळ वर आला नाही.

तीन बायका. मासे खारवायला आलेल्या, हंगामापुरत्या.
एकीने मला लोकरीचे मोजे विणून दिले होते, हिरवे,
घोट्याला सैल.
हे कोणी विचारलंच नाही.

आता आकुरेरीत राहते. उल्फार सहा वर्षांचा.
घरात एकही नाडी नाही.
त्याच्या बुटांना चिकटपट्टी, जॅकेटला चेन,
पावाच्या पिशवीला चिमटा.
वाढदिवसाची रिबन मी थेट कात्रीने कापते.
तो म्हणतो, आई, केवढी घाई.

आज कुणा मित्राचे जुने स्केट्स घेऊन आला.
कोपऱ्यात बसून स्वतःच चढवले, बांधले.
मी ताटं मांडत होते.
डावा फास आधी.
खालून.

दार आतून लावलं मी. का, माहीत नाही.
तुरुंगातून फोन येऊन दोन वर्षं झाली,
गेला, राख हवी का, म्हणून.
मग कोण भेटलं तुला? शाळेच्या फाटकाशी?
म्हातारा होता? बोट तुटलेला?

"तू," दूध पिता पिता उल्फार म्हणाला.
"रात्री येऊन बसतेस ना उशाशी,
पांघरुणाच्या झालरीला बांधतेस, सोडतेस, बांधतेस.
बघून बघून आलं मला.
हाक मारली तर ओ देत नाहीस.
डोळे उघडे असतात तरी."

बाहेर तीन वाजताच अंधार.
त्याने पाय माझ्या मांडीवर टाकला,
बघ ना, सैल झाली का.
नाही झाली.
चांगली गाठ आहे, पोरगं पडायचं नाही.
एक टोक ओढलं की सुटते,
तेवढंच.
ते टोक धरून बसले आहे.