मानस

रात्री अडीचला टाकी गुळण्या करते.
घुटुक, घुटुक, मग एक लांब ओढलेला घोट,
सोलकढीचा तळ भुरकावा तसा,
आणि पुन्हा पहिल्यापासून.

वरची टाकी सांडते कपाटातल्या टाकीत,
कपाटातलं पाणी पंपाने परत वर.
या वरखालीत मांडूरच्या घरात
तीन आठवडे कुणी झोपलेलं नाही.
कुणी म्हणजे मीच.

टाकी विनेशची. तो बोटीवर, थर्ड इंजिनीयर.
जाताना म्हणाला, आई, तू फक्त खायला घाल.
पंपही त्याने आणला बोटीच्याच मापाने:
तासाला चार हजार लिटर, साडेतीन फूट काचेत.
वाळूत वाटीएवढा खड्डा,
आणि काळुंदरांची जोडी दगडामागे तिरकी, पर मिटून,
हेलकावणाऱ्या फेरीबोटीत
कठडा धरलेल्या बायकांसारखी.
"रवा लाव गो, तेल ताप," आवेलिना कुंपणावरून सांगते,
"आवाजही बंद, जेवणही झालं."

शनिवारी कायतान आला. पाइपाला कान लावून
बराच वेळ डोळे मिटून बसला.
"पाणी न्हय बाय, वारो."
पाइप अर्धा रिकामा, पाण्यासोबत हवा ओढतो,
म्हणून बोंब.
आणि मला एकदम बाबांची पाठ दिसली,
खाजनाच्या बांधावर, भरतीच्या वेळी,
मानशीच्या फळ्यांसमोर वाकलेली.
कंदील माझ्या हातात. फळी शिट्टी घालू लागली की म्हणायचे,
पाणी मुकं असतं पोरी. फटीतला वारा बोलतो.

मग एक गेट व्हॉल्व्ह, दोन एल्बो, एक टी,
सोल्युशनची डबी, आणि करवत माझी.
(कायतानच्या करवतीला दात नव्हते.
कायतानलाही फारसे नाहीत.)
आधी पंपाची धार दोन तोंडांत फोडली,
दोन्ही तोंडं काचेकडे वळवली,
मारामारी करणाऱ्या पोरांना
भिंतीकडे तोंड करून उभं करतात तशी.
मग खाली उतरणाऱ्या पाइपाची चावी.
केसभर मिटायची, थांबायचं, वर पातळी बघायची.
पुन्हा केसभर.
पाइप पाण्याने गच्च भरेपर्यंत,
हवेला पाय ठेवायला जागा न उरेपर्यंत.
बाजूचा दुसरा पाइप बोटभर उंच, कोरडा,
त्याला हात लावला नाही.
बाबाही मानस कधी पुरती मिटत नसत.
एक फळी ढिली ठेवायचे:
पाण्यासाठी नाही, आपल्या चुकीसाठी.

एक शेवटचा भुरका. मग काहीच नाही.
कायतान आपल्याच कानात बोट घालून हलवत राहिला.
वाळू खाली बसली.
चहा झाल्यावर एक काळुंदर, मादी असेल, नर असेल,
दगडाबाहेर आलं आणि थांबलं मधोमध,
कुणी ढकलत नाही
यावर विश्वास न बसल्यासारखं.

त्या रात्रीही झोप आली नाही.
फ्रिज ऐकू आला, पाल ऐकू आली, माझं पोट.
आणि पलंगाची उजवी बाजू,
जिला आवाज नसतो.

अडीचला विनेशचा फोन, मागे इंजिनाची घरघर.
"आई, टाकी बंद पडली काय? आवाज येत नाही."
चालू आहे रे, म्हटलं, नीट केली.
"मला काहीच ऐकू येत नाही," तो म्हणाला.
थोड्या वेळाने परत तेच म्हणाला.

मी कपाट उघडलं. चावी केसभर मिटली.
वर पातळी चढली,
कोरड्या पाइपाच्या ओठावरून
पाण्याचा एक धागा आत उतरला.
टपटपसुद्धा नाही, जेमतेम टिक.
फोन तिथे धरला.
घरघर, धागा, घरघर.
"आता?" मी विचारलं.
"जरा थांब," तो म्हणाला, "दार लावतो."