पॉइंट झिरो टू

एकतीस वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये
मी रेघा मारल्या.
आधी ट्रेसिंग पेपरवर, शाईच्या पेनानं, श्वास धरून;
मग पडद्यावर, माऊसनं, श्वास सोडून.
मिलिमीटरचे शंभर भाग केले
तर त्यातल्या दोनांपर्यंत चूक चालायची.
त्यापुढे जॉब रिजेक्ट.

आणि आज रविवारी सकाळी साडेसातला
ओंकारेश्वराच्या मागे, नदीच्या पायऱ्यांवर,
मांडीवर पाट घेऊन बसलोय.
जेवायला बसायचा पाट.
बायको म्हणाली, नेताय तर परत आणा.

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारानं
तीनशे जीएसएमचा कागद मागितल्यावर
चष्म्यावरून पाहिलं होतं.
"नातवाला हवाय?"
"मला."
"मग साधा न्या. हात बसला की या."
मी नोटा पुढे करत होतो
आणि त्याला विकायचं नव्हतं.
शेवटी दोनशेवर तडजोड झाली.

शिकवणाऱ्या तांबट मॅडम माझ्या मुलीहून लहान.
म्हणाल्या, आधी कागद भिजवा. नुसत्या पाण्यानं.
आम्ही मनगटाखाली घडीचा रुमाल ठेवायचो,
कागदाला घाम लागू नये म्हणून.
भिजवला.
डावा कोपरा पापडासारखा उठला
आणि उठलेलाच राहिला.

मग निळा.
ब्रश टेकवला मात्र,
रंग निघालाच, कुणाला न विचारता.
मेट्रोचा खांब मी पेन्सिलनं ओळंब्यात काढला होता,
त्याच्या अंगावरून उतरला,
पलीकडच्या झाडात शिरला,
झाडातून खाली नदीत.
मी बोटानं अडवायला गेलो. बोट निळं.
"थांबा, काका," मॅडम म्हणाल्या.
मी थांबलो.
रंगाला कोण सांगणार?

जरा वेळानं आभाळात
मंडईत मिळतो तसा
फ्लॉवरचा एक गड्डा उगवला.
शेजारचा ओजस, सहावी ब, वाकून म्हणाला,
"भारी! कसा काढलात?"
"निघाला," मी म्हणालो.
असं उत्तर मी एकतीस वर्षांत कुणाला दिलं नव्हतं.
क्वालिटीच्या जगदाळेंनी
त्याच दिवशी गेटपास हातात ठेवला असता.

समोर जलपर्णीवर तीन बगळे.
"मॅडम, पांढरा कुठला घ्यायचा?"
"पांढरा नाही घ्यायचा. तेवढा कागद सोडायचा. आधीच."
आधीच.
म्हणजे बगळा कुठे उतरणार
हे नदीच्या आधी ठरवायचं,
आणि तिथे काहीही न करता पुढे जायचं.
माझे तिन्ही एव्हाना बुडाले होते.

चहा आला, कागदी कपात.
नदीचा हिरवा कालवता कालवता
ब्रश मी चहात बुचकळला
आणि तसाच कागदावर ओढला.
सगळा वर्ग हसला. ओजस तर लोळलाच.
मॅडमनी कागद बघितला, मग मुठा बघितली,
मग परत कागद.
"राहू द्या," म्हणाल्या. "हाच आहे तिचा रंग."
उरलेला चहा मी प्यायलो.
थोडा निळसर लागला.

स्कूटरवर पायांपाशी पाट आडवा,
वीसच्या स्पीडनं घरी.
मागून हॉर्न. लकडी पुलावर एक जण ओरडून गेला,
"आजोबा, वरात आहे का?"
वळणावर आभाळ थोडं उजवीकडे सरकलं.
सरकू दे म्हटलं.

बायकोनं कागद उजेडात धरला.
फ्लॉवरबद्दल काही बोलली नाही,
खांबाबद्दलही नाही.
खाली डावीकडे बोट ठेवून म्हणाली,
"हा बगळा बरा जमलाय."
तिथे कागद उठला होता.
ब्रश पोचलाच नव्हता तिथे.
मी म्हणालो, "हो."

पाट घासून ठेवला.
एक निळा डाग काही जाईना.
कपाटातून जुनी स्टीलची पट्टी काढून मोजला:
बेचाळीस मिलिमीटर.
साधारण.