विंगेतले नियम

शिट्टी वाजवायची नाही.
पडद्याच्या भोकातून बघायचंच झालं
तर डाव्या डोळ्यानं.
नाटकातलं शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही,
तिथं नुसतं "आणि मग ते" म्हणून थांबायचं.
आणि पहिल्या घंटेआधी
डाव्या विंगेतल्या तिसऱ्या फळीच्या फटीत
हळकुंड खोचायचं. विकतचं चालत नाही.
ज्याचे वडील मार्केट यार्डात हमाल किंवा अडत्या
त्यानं खिशातून आणायचं.

हे कुठं लिहिलेलं नव्हतं.
गावभागातल्या आमच्या शाळेत
सातवीकडून सहावीला कळायचं, गोवरासारखं.

मगदूम सर म्हणायचे, थोतांड आहे सगळं,
आणि खाली वाकून फट बघून यायचे.
मुजावरमामा तिसरी घंटा द्यायच्या आधी
ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हणायचे,
मग नारळाचं चार थेंब पाणी
रुळाच्या त्या तुकड्यावर.
"देव वरनं बघतोय. खालनं मलाच बघाय लागतंय."

एकोणनव्वद साली प्रॉम्प्टर मी.
वडील हमाल, म्हणून हळकुंडही माझ्याकडंच.
ते मुठीत होतं.
वाकले, तेवढ्यात डावी चप्पल
स्टेजखालच्या अंधारात गेली,
तिसरी घंटा झाली
आणि मी तशीच उभी, एका पायानं गार,
वही उलटी.

दुसऱ्या प्रवेशात राणी झालेली हेमलता आरवाडे
मधेच थांबली.
माझ्याकडं बघितलं.
मला पान सापडेना.
प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं,
कुणाचं तरी पोर "आई, संपलं?" म्हणालं.

आणि हेमलतानं
ते वाक्य म्हणून टाकलं.
शेवटचं. कधीच न म्हटलेलं.
बारा मिनिटं आधी,
राजा अजून जिवंत असताना.

मुजावरमामांनी पडदा ओढला, दुसरं काय करणार.
परीक्षकांनी लिहिलं : धाडसी शेवट.
पहिला नंबर.
सर विंगेत आले, माझ्या पायाकडं बघत राहिले.
हळकुंडाचं कुणी विचारलं नाही.
माझा तळहात आठवडाभर पिवळा होता,
आईला सांगितलं, भाजी चिरली.

आता मी तिथंच मराठी शिकवते.
पुरात जुनं स्टेज गेलं. फळ्या नव्या, घंटा विजेची,
पडद्यावर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर
गाळाची रेघ, धुवायला कुणी तयार नाही.
काल डाव्या विंगेत गेले
तर चपलांचा ढीग. सगळ्या डाव्या पायाच्या.

"मॅडम, तुमची पण काढा,"
सहावीतली अल्फिया कुजबुजली.
"इथं पूर्वी एक मुलगी होती. तिची चप्पल स्टेजनं घेतली
आणि शाळेचा पहिला नंबर आला."
मग?
"मग काय. वारली म्हणे ती."

मी विचारलं, कशानं?
तिनं खांदे उडवले. एवढं कोण विचारतं.

घंटा झाली.
मी बकल सोडून चप्पल
ढिगाच्या कडेला ठेवली.
फळी तेवढीच गार होती.
पलीकडं राजा गळ्यातली माळ सावरत
पुटपुटत होता, आणि मग ते, आणि मग ते.