रकान्यांतला डोंगर

शुक्रवारी रात्री दहाला मी लिंक पाठवते.
फार काही नसतं, एक शीट,
रकाने ओढून चौकोनी केलेले:
राखाडी म्हणजे कातळ, निळं ते पाणी,
काळं म्हणजे तुम्हाला अजून दिसलेलं नाही.
फासे टाकायला एक बॉट, फुकटातला,
वीस पडले की फटाक्याचं चित्र दाखवतो.

पूर्वी कोपरखैरण्याला माझ्याकडेच बसायचे सगळे,
सतरंजी, शेंगदाणे, टोक मोडक्या पेन्सिली.
फासा घरंगळून फ्रिजखाली गेला
की झुबेर पट्टीने काढायचा आणि म्हणायचा, सहा होता.
आता झुबेर मुंब्र्याला, शर्वाणी मस्कतला,
तिचे ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.
नीलेश भोईर घणसोली गावातच आहे अजून,
रिक्षाने दहा मिनिटं.
तोही लिंकवरूनच येतो.

नकाशा मी महापेत, जेवणाच्या सुट्टीत रंगवला.
राक्षसाला डोंगर हवा होता,
खिडकीतून पारसिक दिसला, तोच घेतला:
एका अंगाने चढण,
दुसरीकडून सुरीने कापल्यासारखा.

काळे रकाने एकेक उघडत गेले.
शर्वाणीची चेटकीण मशाल घेऊन पुढे.
भोईर बराच वेळ म्यूट. मग म्हणाला,
"ही आमची खदान हाय."

राक्षस राहिला बाजूला.
भोईरचा योद्धा थैली उघडून उभा:
"एकशे चाळीस मोहरा हायेत.
एवढ्यात कापलेला भाग परत भरून दे."

असला नियम कुठल्याच पुस्तकात नाही.
म्हटलं, टाक फासा. एकोणीस लागतील.
चार पडले.
झुबेर म्हणाला, नेट गेलं होतं, मला काही दिसलं नाही.
शर्वाणी म्हणाली, मस्कतलाही नाही.
पुन्हा टाकला. अकरा.
मुंब्र्यात पुन्हा नेट गेलं.

साडेबारा वाजून गेले होते.
मी त्र्याऐंशी रकाने निवडले
आणि रंगाचा तो कललेला डबा दाबला.
हिरवा.
मोहरांपुढे शून्य लिहिलं,
हिशेब तो हिशेब.

सोमवारी महापेच्या खिडकीत
डोंगर होता तसाच, अर्धा.
पोळी मोडता मोडता फोनवर शीट उघडली.
हिरव्यात, अगदी वरच्या कडेला, एका रकान्यात
बारीक अक्षरात कोणीतरी लिहिलंय: करवंदं.
त्याच्या खालच्यात: दगड सैल, जपून.

कोणी लिहिलं ते शीट सांगते, एका क्लिकवर.
मी हात धुवायला उठले.