आतला पॅड

एप्रिल, सकाळचे साडेसहा.
आठनंतर मानेवाड्यात लोखंडाला हात लावता येत नाही,
म्हणून ताईने मला चहाआधीच उठवलं.
पुढच्या चाकांना दोन-दोन विटा.
"हँडब्रेक सोडला का? सोड.
नट आधी ढिले कर, मग जॅक.
चाक हवेत गेलं की नट नाही, चाकच फिरते."

वैजूताई आयटीआयत फिटर शिकवते, बावीस वर्षं.
पोरं तिला मॅडम म्हणतात आणि घाबरतात.
मी पुण्याहून आलोय, चार दिवसांसाठी,
परतीचं तिकीट मोबाइलमध्ये.

मंगळ, गुरू, शनी
धंतोलीच्या वाटेवरून ती फोन लावून द्यायची,
आणि आईच्या बोलण्यामागे काहीतरी किरकिरायचं.
मला वाटायचं, नेटवर्क.

चाक निघालं. मी वाकून पाहिलं.
बाहेरचा पॅड बिस्किटाएवढा जाड.
"अजून खूप आहे की," मी म्हणालो,
"वर्षभर सहज जाईल."
ताई काही बोलली नाही.
खालचा बोल्ट काढला, कॅलिपर वर उचलला
आणि आतला पॅड माझ्या तळहातावर ठेवला.

नुसता पत्रा.
लोखंड लोखंडावर घासून
कडेला निळसर झाक आलेली.

"पिन जाम झाली होती.
बाहेरचा जागचा हललाच नाही,
सगळं यानंच घेतलं.
बाहेरून पाहणाऱ्याले कसं समजणार?"

हे ती पिनेबद्दलच बोलत होती,
वर्गात सांगते तसं.
मी पॉलिश पेपर शोधायला घरात गेलो.
तो माझ्या खिशातच होता.

आई पायरीवर बसलेली, डाव्या हाताला कालची पट्टी.
"त्या नळीवर वजन नको येऊ देऊ," ती म्हणाली.
नळ्यांचं तिला आता सगळंच कळतं.
जुन्या परकराची नाडी ओढून तिने पुढे केली,
आणि कॅलिपर त्या गुलाबी नाडीला लोंबकळत राहिला.

नवे पॅड कॉटन मार्केटजवळून आणलेले,
अठराशेचे, घासाघीस करून सोळाशे पन्नास.
"पैसे मी देतो," मी म्हणालो.
पैसे मीच देतो, नेहमी.

मग पिस्टन. क्लॅम्प लावून मी सगळा जोर काढला,
तो ढिम्म.
"तो पुढचा असते, दाबला का जाते.
मागच्याले फिरवा लागते बाबू.
दाबत दाबत फिरव. घाई काऊन करून राहिला?"
वीस मिनिटं मी फिरवत होतो.
केसभर, मग आणखी केसभर.
शेजारच्या ढोबळेंनी कूलर सुरू केला,
ओल्या ताट्यांचा वास कुंपणावरून आला,
ताईने पिनेला ग्रीस लावलं, बोट भरून,
जसं लहानपणी माझ्या गुडघ्याला काहीबाही लावायची.

"आत बस. ब्रेक मार."
पहिल्यांदा पेडल थेट तळाला गेलं,
पायाखाली काही नाहीच.
"पुन्हा."
"पुन्हा मार."
चौथ्यांदा खालून कुणीतरी
माझ्या पावलाला पाऊल लावलं.

शनिवारी चावी मी मागितली.
तिने दिली, पण दार लावताना तीनदा सांगितलं,
नवे आहेत, एकदम दाबू नको, बसू दे त्यांना.
आई पुढे. ताई मागच्या सीटवर,
जिथे तिला मी कधी बसलेली पाहिली नव्हती.
तुकडोजी चौकापर्यंत ती रस्ता सांगत होती,
मला पाठ असलेला रस्ता.
मग सांगायची थांबली.

मेडिकल चौकाच्या सिग्नलला मी आरशात पाहिलं.
मान काचेला टेकलेली, तोंड किंचित उघडं,
नखांत अजून काळं.
आईने बोट ओठांवर ठेवलं.

सिग्नल हिरवा झाला.
मागच्या ऑटोवाल्याने हॉर्न धरला तो सोडेना.
मी ब्रेकवरचा पाय
इतक्या हळू उचलला
की गाडी निघाली ते मलाही कळलं नाही.